बाईकचं सस्पेन्शन बदलताय? आधी मोजा, मग विकत घ्या

"मागचे शॉकअप फार आदळतात, कुठले टाकू?" हा प्रश्न आला की लगेच ब्रँडची नावं सुरू होतात. ओहलिन्स घे, वायएसएस घे, हायपरप्रो घे. विचारणाऱ्याचं वजन किती, तो डबलसीट फिरतो का, टायरमध्ये हवा किती ठेवतो, हे कोणीच विचारत नाही. मग तो चांगले पैसे मोजून शॉकअप बसवतो आणि त्याच स्पीडब्रेकरवर बाईक परत तशीच आदळते, कारण आतली स्प्रिंग त्याच्या वजनाची नसतेच. महाग शॉकअप चुकीच्या स्प्रिंगसकट बसवला तर साध्या कंपनी शॉकअपपेक्षा वाईट चालू शकतो, हे आधी पक्कं डोक्यात बसवा.

उदाहरणासाठी मी रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० घेतोय. मागे दोन साधे शॉकअप, आत काय चाललंय ते समजायला सोपं. तिला पुढे ११० मिमी आणि मागे ८८ मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक वर-खाली व्हायला एकूण तेवढीच जागा. जिथे मोनोशॉकमुळे, म्हणजे मागे मधोमध एकच शॉकअप असल्याने, फरक पडतो तिथे त्याच कंपनीची हिमालयन ४११ घेईन. तुमची बाईक वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम मात्र हाच.

टप्पा १: बाईक मुळात ठीक आहे का बघा

"सस्पेन्शन खराब आहे" म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी सस्पेन्शनच्या नसतातच, म्हणून खर्च करायच्या आधी एवढं तपासून घ्या.

हवा: टायर थंड असताना, म्हणजे सकाळी बाईक काढायच्या आधी, स्वतःच्या गेजने मोजा. पंपावर पोचेपर्यंत टायर गरम होतो आणि आकडा वाढीव दिसतो. मॅन्युअलमध्ये सिंगल आणि डबलसीटचं प्रेशर वेगळं दिलेलं असेल तर तसंच भरा. पाच-सहा पीएसआय जास्त हवा असेल तर जगातला कुठलाही शॉकअप छोट्या खड्ड्यांचा त्रास घालवू शकत नाही.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग): डबल स्टँडवर लावून कोणाला तरी मागून दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं की हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मधे खट्‌कन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. मग फोर्कचे, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या दोन पाइपांचे, खालचे पाय धरून पुढे-मागे हलवा, ठकठक आली तर कोनसेट ढिला आहे.

चिमटा (मागचं चाक धरून वर-खाली होणारा दांडा): मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ जाणवला तर तो चिमट्याच्या बुशचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो. हिमालयनसारख्या लिंकेज (चिमटा आणि मोनोशॉक जोडणारे सांधे) असलेल्या बाईकला लिंकेजची बेअरिंग पण बघा, कोकणातल्या एक-दोन पावसाळ्यांनंतर ती ग्रीस नसल्याने जाम झालेली सापडतात आणि मालक मात्र मोनोशॉकला शिव्या देत असतो.

फोर्क सील: पुढच्या पाइपवर बोट फिरवा. तेलाचा थर लागला तर सील बदलायचे आहेत, आणि सील बदलताना ऑइल बदलायचंच.

> थांबा: यातलं काहीही खराब निघालं तर ते दुरुस्त करा आणि आठवडाभर रोजच्या रस्त्यावर चालवा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं आणि पैसे वाचतात.

टप्पा २: खरं वजन आणि खरा वापर

घरच्या वजनकाट्यावर हेल्मेट, जॅकेट, रायडिंग पँट, बूट, पाठीवरची बॅग सगळं चढवून उभे राहा. तो आकडा तुमचं वजन. अंगावरचं सामान सहज आठ-दहा किलो भरतं आणि स्प्रिंग निवडताना एवढा फरक महत्त्वाचा असतो, तरी लोक ऑर्डर देताना डॉक्टरकडे सांगायचं वजन सांगतात.

मग लिहा: आठवड्यातले किती दिवस एकटे, किती दिवस डबलसीट, मागे बसणाऱ्याचं वजन, सामान किती. स्प्रिंग त्या वापरासाठी निवडायची जो जास्तीत जास्त दिवस होतो. वर्षातून एकदा लडाखला जायचंय म्हणून डबलसीट प्लस दोन्ही बाजूच्या बॅगांच्या हिशोबाने कडक स्प्रिंग टाकली तर उरलेलं वर्ष पाठ दुखेल. आणि खरंच रोज वजन बदलत असेल, सकाळी एकटे आणि संध्याकाळी डबलसीट, तर हाताने फिरवायचा हायड्रॉलिक प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी सोय) असलेला शॉकअप बघा. तिथे जास्तीचे पैसे घालणं योग्य आहे.

टप्पा ३: सॅग मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, किंवा खरं सांगायचं तर हा टप्पा कोणी करतच नाही. सॅग म्हणजे वजनाने बाईक किती खाली बसते. त्याला लागतात तीन माणसं, एक टेप, थोडी चिकटपट्टी आणि सपाट जमीन.

मागचं असं मोजायचं. अ‍ॅक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) बरोबर वर सीटखालच्या पॅनेलवर किंवा ग्रॅब रेलवर चिकटपट्टी लावून खूण करा. तीनही मापं अ‍ॅक्सलच्या मधोमधपासून त्याच खुणेपर्यंत, उभी सरळ घ्यायची.

माप १: डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत लटकलेलं. डबल स्टँड नसेल तर दोघांनी बाईक मागून उचलायची.

माप २: बाईक दोन्ही चाकांवर उभी, कोणी बसलेलं नाही, एकाने नुसती सरळ धरलेली.

माप ३: तुम्ही पूर्ण गिअर घालून बसलेले, दोन्ही पाय फूटपेगवर, रोज बसता तसे. एकाने पुढून हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. एक पाय जमिनीवर टेकवून घेतलेलं माप फुकट जातं.

माप २ आणि ३ प्रत्येकी दोनदा घ्या. एकदा मागून दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा, एकदा थोडं उचलून हळूच खाली बसू द्या आणि मोजा. दोन्ही आकडे वेगळे येतील, कारण सील आणि बुशमध्ये घर्षण असतं. सरासरी धरा. दोन आकड्यांमध्ये खूपच फरक आला तर काहीतरी अडकतंय, टप्पा १ ला परत जा.

पुढे अजून सोपं आहे, फोर्कचा उघडा पाइप मोजायचा, डस्ट सीलपासून वरच्या क्लॅम्पच्या खालच्या कडेपर्यंत. रबरी गेटर असतील तर ते सरकवून घ्या. चाक हवेत, बाईक एकटी, तुम्ही बसून, तीच तीन मापं.

माप १ वजा माप २ म्हणजे बाईकचा स्वतःचा सॅग. माप १ वजा माप ३ म्हणजे रायडर सॅग. रस्त्यावर चालवायच्या बाईकला रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के असावा, थोडं इकडेतिकडे चालतं. इंटरसेप्टरला मागे हे २६ मिमीच्या आसपास आणि पुढे ३३ च्या आसपास येतं. हिमालयन ४११ ला मागे १८० मिमी ट्रॅव्हल आहे, तिथे ५४ मिमी. बाईकचा स्वतःचा सॅग मागे इंटरसेप्टरला ५ ते १० मिमी ठीक.

> तपासा: कागदावर सहा आकडे आहेत का? पुढचे तीन, मागचे तीन. नसतील तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा ४: आकडे काय सांगतात

आधी एक गैरसमज काढू, कारण त्याच्यावर सगळं अडतं. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजपासून शोरूमपर्यंत सगळे "दोन खाच कडक करून देतो" म्हणतात, पण साध्या, एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगला एक मिमी दाबायला जेवढा जोर लागतो तेवढाच प्रीलोडनंतरही लागतो. प्रीलोड फक्त बाईक वर उचलतो, म्हणजे ट्रॅव्हलमधली तुमची सुरुवातीची जागा बदलतो. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलायला लागते.

म्हणून क्रम असा: आधी प्रीलोड फिरवून रायडर सॅग बरोबर आणायचा, *मग* बाईकचा स्वतःचा सॅग बघायचा. उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात असतं.

उदाहरण घ्या. मागची मापं आली ५४०, ५३२, ५०२. बाईकचा सॅग ८ मिमी, रायडर सॅग ३८ मिमी. ८८ मधले ३८ म्हणजे ४३ टक्के ट्रॅव्हल तुम्ही नुसते बसल्यावरच संपला, खड्ड्यासाठी उरले ५० मिमी. आता प्रीलोड वाढवून रायडर सॅग २८ वर आणला, म्हणजे बाईक साधारण १० मिमी वर आली. पण बाईकचा स्वतःचा सॅग होताच ८, तो शून्यावर आला. म्हणजे एकटी उभी असताना मागची बाजू पूर्ण ताठ, चाकाला खाली जायला जागाच नाही, आणि खड्ड्यात चाक रस्ता सोडणार. याचा अर्थ *स्प्रिंग तुमच्या वजनाला नरम आहे*, कडक स्प्रिंग हवी.

उलटं झालं तर? रायडर सॅग २६ वर बसवला आणि बाईकचा स्वतःचा सॅग १५-१८ मिमी निघाला, तर स्प्रिंग *जास्त कडक* आहे. इथे लोक हमखास उलटा निष्कर्ष काढतात, त्यांना वाटतं बाईक स्वतःच्या वजनाने इतकी खाली बसते म्हणजे स्प्रिंग नरम. तसं नाही. तुम्ही बसल्यावर ती जेमतेम आठ-दहा मिमीच अजून दबली, हे नरम स्प्रिंगचं लक्षण नाही. हा परिच्छेद दोनदा वाचा, सगळा पैसा इथे वाचतो.

दोन्ही सॅग बरोबर येत असतील आणि तरी बाईक डोलत असेल, वळणात लांब हेलकावे खात असेल, स्पीडब्रेकरनंतर दोन-तीनदा वरखाली होत असेल, तर स्प्रिंग ठीक आहे आणि प्रॉब्लेम डॅम्पिंगचा आहे. स्प्रिंग धक्का झेलते, आणि आतलं तेल तिचं दबणं (कॉम्प्रेशन) आणि उसळणं (रिबाउंड) आवरतं. तेल थकलं किंवा सील गेले की स्प्रिंग मोकाट सुटते.

टप्पा ५: काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने

पुढचं आधी करा. बहुतेक जण मागचे चकचकीत शॉकअप आधी घेतात कारण ते दिसतात, पण ब्रेक लावल्यावर पुढची बाजू खाली डुबकी मारते तेव्हा त्रास फोर्कचा असतो, आणि फोर्कचं काम मागच्या मानाने स्वस्तात होतं.

पहिली पायरी नवीन फोर्क ऑइल. दुसरी, सॅगप्रमाणे योग्य स्प्रिंग. तिसरी, एम्युलेटर व्हॉल्व्ह (तो काय करतो ते खाली सांगतो). चौथी आणि सगळ्यात महाग, पूर्ण कार्ट्रिज किट, म्हणजे फोर्कच्या आतलं डॅम्पिंगचं अख्खं यंत्रच नवीन. रोज ऑफिस आणि शनिवार-रविवार ताम्हिणी-वरंध घाट करणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या पुढे जायची गरज क्वचितच पडते असं माझं मत आहे.

डुबकी थांबवायला जाड तेल भरणं ही इथली हमखास चूक. आपल्याकडच्या बहुतेक साध्या फोर्कमध्ये तेल ठराविक भोकांतून जातं. चाक हळू हललं की ते सहज निघून जातं आणि अडवणूक होत नाही, जोरात हललं की एकदम तुंबतं. जाड तेलाने डुबकी थोडी हळू होते खरी, पण धारदार काठाचा खड्डा किंवा पेव्हर ब्लॉकचा उंचवटा आला की थेट मनगटात ठोका बसतो. डुबकी नरम स्प्रिंगची असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, आणि हा ठोका कमी करायला एम्युलेटर असतो, तो तेलाला जोराच्या धक्क्यात वेगळी वाट देतो. त्यासाठी आतल्या रॉडची भोकं मोठी करायला लागतात, म्हणजे ते काम परत फिरवता येत नाही, विचार करून करा.

अजून एक, तेलाच्या बाटलीवरचं १०डब्ल्यू (जाडपणाचा दर्जा) दोन ब्रँडमध्ये सारखं असेलच असं नाही. ४० अंशाला सेंटीस्टोकचा, म्हणजे मोजलेल्या जाडपणाचा, आकडा दिलेला असतो, तुलना त्याने करा.

मागे, टप्पा ४ मध्ये प्रॉब्लेम फक्त स्प्रिंगचा निघाला आणि तुमच्या शॉकअपला सुटी स्प्रिंग मिळत असेल तर तेवढीच घ्या. डॅम्पिंग पण गेलेलं असेल तर पूर्ण शॉकअप, आणि त्यात *रिबाउंड अ‍ॅडजस्ट होणारा* घ्या. बजेट मर्यादित असेल तर कॉम्प्रेशनचा नॉब आणि बाजूचं सिलिंडर (जादा तेल आणि वायूची डबी) सोडा, रिबाउंड सोडू नका.

टप्पा ६: पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

"माझं गिअरसकट वजन अमुक, स्प्रिंग कुठली येईल?" विक्रेत्याला आकडा सांगता यायला हवा. "सगळ्यांना चालते" असं उत्तर आलं तर तिथून निघा. स्प्रिंगचा कडकपणा बहुतेक वेळा न्यूटन प्रति मिमीमध्ये दिलेला असतो, कधी किलो प्रति मिमीमध्ये. एक किलो प्रति मिमी म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिमी, हे माहीत नसल्याने गोंधळ होतो.

"सील किट मिळतं का, नायट्रोजन भारतात कोण भरून देतं?" चांगला शॉकअप उघडून दुरुस्त होतो. ज्याचं सील किटच मिळत नाही तो एकदा गळला की भंगारात. कित्येक स्वस्त शॉकअपवर "गॅस" असं मोठ्या अक्षरात असतं आणि बाजूचं सिलिंडर नुसतं शोभेचं असतं, आत तेलाची वाट नसते. त्यापेक्षा कंपनीचेच नवीन शॉकअप बरे.

"लांबी किती?" वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत. मागची बाजू उंच झाली की फोर्क जास्त उभा होतो, बाईक चटकन वळते पण वेगात थोडी अस्थिर वाटू शकते. इंटरसेप्टरवर शॉकअप चाकाच्या जवळ असल्याने १० मिमी लांब शॉकअपने मागची बाजू साधारण तेवढीच उचलते. मोनोशॉकला मात्र शॉकअप थोडा हलला की चाक त्याच्या दुप्पट किंवा जास्त हलतं, तिथे १० मिमीचा फरक फार मोठा. पाय टेकत नाहीत म्हणून लोअरिंग लिंक (मागची बाजू खाली आणणारी पट्टी) घालणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवा, फक्त मागून खाली केली तर हँडलिंग सुस्त होतं आणि साइड स्टँडवर बाईक जवळजवळ सरळ उभी राहून दुसऱ्या बाजूला पडायची भीती असते.

"बसेल का?" बुशचं भोक, रुंदी, आणि आजूबाजूची जागा. सिलिंडरवाला शॉकअप साडीगार्ड, सॅडल स्टे, बॅगेची फ्रेम, मागच्याचा फूटपेग यांना लागतो. गाडीवर लावलेलं सगळं सामान विक्रेत्याला फोटोसकट दाखवा.

वॉरंटी आणि इन्शुरन्स: दोन्हीकडे आधी विचारून लेखी उत्तर घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आरसीतल्या माहितीशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. कंपनीचे जुने शॉकअप विकून टाकू नका, वॉरंटीला आणि गाडी विकताना लागतात.

टप्पा ७: बसवणं

मागचे दोन शॉकअप एकदम काढू नका. डबल स्टँडवर एक बाजू काढा, नवीन बसवा, मग दुसरी, म्हणजे चाक खाली निसटत नाही. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क पान्याने आवळा, अंदाजाने नाही.

फोर्क ऑइल भरताना "एका पायात इतके मिली" एवढ्यावर थांबू नका. जुनं तेल आत थोडं राहतंच, त्यामुळे दोन पायांत फरक पडतो. स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, आधी पंप करून हवा काढून, मग वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजा आणि दोन्ही पायांत एकसारखं करा. तेल जास्त झालं की वरची हवा कमी उरते आणि शेवटच्या भागात फोर्क एकदम ताठ होतो.

> धोका: नायट्रोजन भरलेला शॉकअप घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये उघडू नका. आत दाबाखाली वायू असतो, झाकण उडून माणूस जखमी होऊ शकतो.

बसवून झाल्यावर लगेच बघा: चेनचा ढिलेपणा (मागची उंची बदलली की तोही बदलतो), ब्रेकची होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण खाली असताना ताणली जात नाही ना, हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरतं ना, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात तर जात नाही ना.

टप्पा ८: सेटिंग, आणि ते पण क्रमाने

आधी परत सॅग. नवीन शॉकअप डब्यातून तुमच्यासाठी सेट होऊन येत नाही. प्रीलोड फिरवा, रायडर सॅग ३० टक्क्यांच्या आसपास आणा, बाईकचा सॅग तपासा. तो चुकत असेल तर स्प्रिंग चुकीची आली आहे, परत करायची वेळ हीच.

मग रिबाउंड. नॉब घड्याळाच्या दिशेने हलकेच पूर्ण बंद करा, जोर लावू नका, सुई खराब होते. तिथून बाहेर मोजत कंपनीने सांगितलेल्या क्लिकवर या आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. सीट जोरात दाबून सोडा. मागची बाजू एकदाच वर येऊन थांबली तर ठीक. वर येऊन परत खाली गेली तर रिबाउंड कमी आहे. मेल्यासारखी हळूहळू वर आली तर जास्त.

रस्त्यावर याचीच लक्षणं अशी. स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर सीट बुडाला वर ढकलते, तर रिबाउंड वाढवा. ओळीने रंबल स्ट्रिप आल्या आणि पहिल्या दोन ठीक, पुढच्या जास्तजास्त कडक लागल्या, तर रिबाउंड जास्त आहे, चाक पूर्ण खाली यायच्या आत पुढचा धक्का येतोय आणि शॉकअप खालीच अडकत चाललाय. लोक यालाच "सस्पेन्शन कडक आहे" समजून प्रीलोड कमी करतात आणि प्रॉब्लेम अजून वाढतो.

शेवटी कॉम्प्रेशन, असेल तर. सगळा ट्रॅव्हल पटकन संपत असेल तर वाढवा, बारीक खडबडीत रस्ता अंगात येत असेल तर कमी करा.

एका वेळी एकच गोष्ट, दोन क्लिक, आणि दर वेळी तोच रस्ता, त्याच वेगाने. फोर्कच्या पाइपला प्लास्टिकची झिप टाय बांधून ठेवा, फेरी झाल्यावर ती किती वर सरकली त्यावरून किती ट्रॅव्हल वापरला ते दिसतं. एखाद्या मोठ्या खड्ड्याला ती जवळजवळ शेवटपर्यंत गेली तर चांगलंच आहे, रोज जात असेल तर टप्पा ४ परत करा, आणि महिनाभरात कधी अर्ध्याच्या वर गेलीच नाही तर तुम्ही जास्त कडक स्प्रिंगवर फिरताय.

सिंगल आणि डबलसीटचे प्रीलोडचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा, बायकोला घेऊन निघताना पार्किंगमध्ये अंदाज लावत बसायला लागू नये. पावसाळ्यात दर धुण्याला शॉकअपचा रॉड आणि फोर्कचा पाइप मऊ फडक्याने पुसा, वाळलेला चिखल सीलमध्ये घासला गेला की गळती सुरू होते. आणि प्रेशर वॉशरची धार सील, लिंकेज आणि कोनसेटवर थेट मारू देऊ नका, सर्व्हिस सेंटरला गाडी देताना हे तोंडी सांगा.